दिसतात चार थर, वजन सांगतं आठ : आर्वी तालुक्यातल्या एका वाकळीचं वय आणि मोल

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात एका शेतकरी घरात तीन भावांची वाटणी चालली होती. शेत, बैलजोडी, तांब्या-पितळेची भांडी यांचा हिशेब लागला. अडलं ते एका वाकळीवर, म्हणजे जुन्या कापडांचे थर शिवून केलेल्या गोधडीवर. जुन्या वस्तू घेणाऱ्या एका शहरी खरेदीदाराने तिचे २५,००० रुपये देऊ केले होते. अट एकच : "ही शंभर वर्षांपूर्वीची आहे" असं कुणा जाणकाराने लिहून द्यायचं. त्याआधी हीच वाकळ दोन वर्षं धान्याच्या कोठीवर पडून होती आणि बोहारणीने तिच्या बदल्यात स्टीलचं एक पातेलं काढून दाखवलं होतं.

घरातल्या ७८ वर्षांच्या काकूंचं म्हणणं ठाम होतं : "माह्या आजेसासूच्या हातची हाये ते. शंभर वर्साची तं असनच." या वाक्यात दोन दावे आहेत, एक हाताचा आणि एक आकड्याचा. दोन्ही वेगवेगळे तपासायला हवेत. घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत बहुतेक वेळा माणूस बरोबर निघतो आणि वर्षांचा आकडा चुकतो.

हात लावण्याआधी

जुनी वाकळ दाखवायची म्हटली की घरचे लोक ती आधी धुतात, मग अंगणात उन्हात टाकतात. भावना चांगली, पण यात निम्मा पुरावा वाहून जातो. दुमडीत अडकलेला गिरणीचा शिक्का, न धुतलेल्या कापडाचा मूळ रंग, कडेला राहिलेलं सुटं सूत, सगळं आणखी एका धुण्यात जाऊ शकतं. विदर्भातलं वैशाखाचं ऊन तर रंग उडवतंच, शिवाय सूतही ठिसूळ करतं. या घरात सुदैवाने धुण्याआधी थांबवता आलं.

वाकळ धुतलेल्या जुन्या चादरीवर सपाट पसरली. साहित्य फार नव्हतं : सूत मोजायचं भिंग, कापडी टेप, बोथट चिमटा, ३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी, पांढरा सुती रुमाल, पांढरं व्हिनेगर, काडेपेटी आणि बशी. शिवाय किराणा दुकानातला वजनकाटा, आणि सगळ्यात जास्त बोलला तो हाच.

काटा काय म्हणाला

माप भरलं लांबी २०५ सेंटीमीटर, रुंदी १३८. क्षेत्रफळ २.८३ चौरस मीटर. वजन ३.४ किलो, म्हणजे चौरस मीटरला साधारण १,२०० ग्रॅम. वापरून मऊ झालेलं लुगड्या-धोतराचं सुती कापड चौरस मीटरला १४० ग्रॅमच्या आसपास धरता येतं. भागाकार केला की साडेआठ थर येतात.

कडेला मात्र थर मोजले तर चारच : वर ठिगळांचा, खाली पाठीचा आणि मधे दोन.

उरलेले चार-पाच थर कुठे गेले? तळहात दाबून हळूहळू फिरवला तेव्हा कळलं. वरचा धावदोरा कडेपासून आत चौकटी-चौकटीने फिरत गेला होता, पण हाताखाली दुसऱ्याच उंचवट्याच्या रेघा लागत होत्या, उभ्या, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणाऱ्या. खोलीत अंधार करून बॅटरी जमिनीलगत आडवी धरली तर त्या रेघांच्या सावल्या डोळ्यांनीही दिसल्या. आत दुसरी, आधीची वाकळ होती आणि ती कडेपर्यंत पोचत नव्हती. वाकळ विरली की टाकायची नाही, तिच्यावर नवं पांघरूण चढवून पुन्हा शिवायची, ही गावाकडची जुनी रीत. म्हणून एकाच वाकळीला दोन वयं असतात, आणि "किती जुनी?" या प्रश्नाला एकच आकडा देणारा माणूस बहुधा आत बघतच नाही.

सगळ्यात नवं कापड शोधा

वय काढण्याचा मुख्य नियम साधा आहे. वाकळ तिच्यातल्या सगळ्यात जुन्या तुकड्याइतकी जुनी नसते. मूळ शिवणीत असलेल्या सगळ्यात नव्या तुकड्याइतकीच ती नवी असते. पणजीच्या लुगड्याचा काठ नातीने काल शिवलेल्या गोधडीतही असू शकतो. अमेरिकेतल्या ठिगळांच्या रजया तपासणारेही हाच नियम पाळतात. तिथे एक समज बराच पसरलेला होता : भरलेल्या कापसात सरकीचे कण दिसले तर रजई १७९३ मध्ये कापसातली सरकी काढणारं रेचायंत्र निघण्याच्या आधीची. तो खोटा ठरला, कारण स्वस्तातल्या कापसात सरकी नंतरही कितीतरी वर्षं येत राहिली. जुनाट दिसणं आणि जुनं असणं यात हाच घोळ इथेही होतो.

पण "मूळ शिवणीतलं" हा शब्द महत्त्वाचा. या वाकळीच्या वर ७४ तुकडे होते, त्यातल्या तिघांवर किंचित चकाकी होती. सुट्या कडेचा अर्धा सेंटीमीटर धागा चिमट्यात धरून बशीवर पेटवला. धागा आक्रसला, वितळला आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरला : टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं कापड. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख सोडतो. रेशीम जळताना केसांचा वास येतो. पॉलिस्टरचं सूत भारतात १९६५ च्या सुमारास बनू लागलं आणि खेड्यापाड्यातल्या अंगावर आलं ते त्यानंतर. म्हणजे वाकळ १९६५ नंतरची?

इथे घाई केली असती तर निकाल चुकला असता. ठिगळ हळूच उचलून पाहिलं. त्याच्याखालून जुना धावदोरा सलग, न तुटता गेला होता. ठिगळाचे टाके फक्त वरच्या थरातून, पाठीपर्यंत पोचलेले नव्हते. शिवायचा दोराही वेगळा, गुळगुळीत, आणि तोही जळताना वितळला. मूळ वाकळीचा दोरा तीन पदरी सुती, न वितळणारा. तिन्ही ठिगळं डागडुजीची ठरली आणि वयाच्या हिशेबातून बाजूला काढली. डागडुजी ओळखायला याहून खात्रीची खूण नाही : मूळ दोरा कापडाच्या वरून जातो की खालून, तेवढं पाहायचं.

दुमडीतला शिक्का

पाठीला पांढऱ्या मांजरपाटाचे दोन सलग पट्टे होते. त्यांची कड आत दुमडून टाकलेली. एका बाजूला शिवण आपोआप उसवलेली होती, तिथून बॅटरीच्या उजेडात दुमड पाहिली तर निळसर शाईचा अर्धा शिक्का. रोमन अक्षरं, सुरुवात पुसलेली. वाचता आलं एवढंच : गावाच्या नावाचा शेवट "पूर", त्यापुढे "एम.पी.", आणि खाली लांबी वारात (यार्डात).

एवढ्याशा अक्षरांत बराच इतिहास आहे. नागपूर आधी मध्यप्रांत आणि वऱ्हाडात, म्हणजे "सी.पी."त होतं. २६ जानेवारी १९५० पासून त्या प्रांताचं नाव मध्यप्रदेश झालं, राजधानी नागपूरच. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्यामुळे "नागपूर, एम.पी." छापलेलं कापड त्या पावणेसात वर्षांच्या खिडकीतलंच म्हणावं लागतं.

मात्र शिक्क्यात "नाग" नव्हतं, "पूर" होतं. बऱ्हाणपूरलाही कापडगिरणी होती आणि ते गाव १९५६ नंतरही मध्यप्रदेशातच राहिलं. म्हणून वरची मर्यादा शिक्क्यातल्या राज्याच्या नावावरून लावता येत नाही, खालची तेवढी लागते : १९५० च्या आधीचं हे कापड नाही. वरच्या मर्यादेसाठी "वार" कामाला आला. मापांचा दशमान कायदा १९५६ चा. १९६० नंतर कापडाच्या व्यापारात वाराची जागा मीटरने घेतली. कापड साधारण १९५० ते १९६२ मधलं.

कापड जुनं ठेवून मागाहून शिवलं असेल तर? शिक्काच उत्तर देतो. गिरणीची शाई उघड्यावर धुण्यात टिकत नाही. शिक्का उरला याचा अर्थ कापड न वापरता, न धुता, थेट वाकळीच्या पाठीला लागलं आणि नंतरच्या धुण्यांत शिक्का दुमडीत साबण-घासण्यापासून बराचसा वाचला. कापड घेणं आणि शिवणं यात फार अंतर नव्हतं.

अतिनील बॅटरीने याला दुजोरा मिळाला, पण सावधपणे. पांढरं कापड उजळ दिसावं म्हणून घालतात ती टिनोपॉलसारखी द्रव्यं १९४० च्या दशकापासून बाजारात आली. ती या प्रकाशात निळीपांढरी चमकतात. जुनी घरगुती नीळ तशी चमकत नाही. वाकळीची पाठ बाहेरून ठिकठिकाणी चमकली, दुमडीच्या आत मात्र मंद राहिली. बाहेरची चमक धुण्याच्या पावडरची. आपल्याकडे ती १९५९ नंतर घरोघर गेली. बाहेरून चमकतं म्हणून कापड नवं आणि चमकत नाही म्हणून जुनं, असे दोन्ही निष्कर्ष चुकतात. आत आणि बाहेर यांतला फरक तेवढा वाचायचा.

रंग किती सांगतात

रंगांवर लोक नको तितका विश्वास ठेवतात. "हा आलाचा तांबडा आहे, म्हणजे शंभर वर्षांचा" असं छातीठोक बोललं जातं. आल या झाडाच्या मुळीचा तांबडा रंग आपल्या भागात खरोखर निघत असे, आलवण या तांबड्या वस्त्राचं नावही त्याच्याशीच जोडतात. पण कृत्रिम अलिझरिन, म्हणजे कारखान्यातला तांबडा, १८६९ पासून बनू लागलं आणि ते मॅडर या मंजिष्ठेच्या कुळातल्या झाडाच्या मुळीतल्या अलिझरिनसारखंच, रेणूही तोच. निळीचंही तेच : १८९७ ला कारखान्यातली नीळ बाजारात आली, ती झाडाच्या निळीहून डोळ्यांनी वेगळी करता येत नाही. घरच्या तपासात रंग नाकारायला उपयोगी पडतो, सिद्ध करायला फारसा नाही.

लाल तुकड्याच्या कडेचा सेंटीमीटरभर सुटा धागा बशीत घेऊन व्हिनेगरचा थेंब टाकला (वाकळीवर कधीच टाकू नये). काँगो रेड हा १८८४ मध्ये निघालेला रंग असता तर धागा निळा-जांभळा झाला असता. तसं झालं नाही. ओल्या रुमालावर घासलं तेव्हा लाल चांगला उतरला. धुण्यात टिकणारा पण घासला की उतरणारा लाल, हा १९१२ नंतरच्या नॅप्थॉल रंगांचा स्वभाव. कल तिकडे आहे. १९५० च्या दशकाशी तो जुळतो, त्यापलीकडे काही म्हणत नाही.

सगळ्यात बोलकी होती चिटाची, म्हणजे छापील फुलांच्या सुती कापडाची, पाच ठिगळं. त्यांच्यावरची तपकिरी-काळी फुलं गळून पडली होती, भोवतालचं कापड शाबूत. घरच्यांनी उंदीर म्हटलं. उंदीर कापड कुरतडतो तेव्हा रंग पाहत नाही, कड फाटकी-तुटकी ठेवतो. इथे भोकांची कड थेट फुलाच्या आकाराची होती. काळा-तपकिरी रंग पक्का करायला लोखंडाचं मीठ वापरतात आणि ते लोखंडच वर्षानुवर्षं सुताला खात राहतं. असं कापड मोलात खाली जातं आणि त्याला थांबवायचा घरगुती उपाय नाही. धुऊन तर गळती वाढतेच.

आतली वाकळ

कोपऱ्यात चार सेंटीमीटरची जुनी फाट होती. तिथून आतला थर दिसला : निळं कापड, सूत उभं आणि आडवं दोन्हीकडून कमी-जास्त जाड, हातकताईचं. घरातला थोरला म्हणाला, "मग हे गिरण्या येण्याच्या आधीचं." नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली, पुलगावची गिरणी तर या गावापासून दूर नाही; त्यामुळे अंदाज पटण्यासारखा वाटतो.

पण हा वर्धा जिल्हा आहे. इथे हातकताईचं सूत गिरण्यांच्या आधीचं असण्यापेक्षा खादीचं असण्याची शक्यता कितीतरी जास्त. अखिल भारतीय चरखा संघ १९२५ चा. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला आले, तेच पुढे सेवाग्राम. या भागात त्या वीस-पंचवीस वर्षांत घराघरात सूत निघत होतं. म्हणून आतल्या वाकळीला १९२५ ते १९५० ही पट्टी दिली, आणि ती अंदाजाची आहे असं स्पष्ट लिहिलं.

उसवून पाहिलं तर नक्की कळेल, असा आग्रह धाकट्या भावाचा होता. तो मान्य केला नाही. वरची शिवण एकदा उसवली की तो हात परत येत नाही. आत काय आहे या कुतूहलासाठी बाहेरची खरी वस्तू मोडायची, हा सौदा कोणत्याही वाकळीच्या बाबतीत वाईटच.

काकूंची आठवण, पुन्हा एकदा

"किती वर्षांची?" असं विचारलं की शंभर हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारलं, "काकू, तुम्ही लग्न होऊन आल्या तेव्हा ही कुठे असायची?" उत्तर लगेच आलं : "आजेसासूच्या बाजेवर. धुऊ-धुऊ नरम झाली होती तवाच." लग्न १९६८ चं, लग्नपत्रिका ट्रंकेत निघाली. आजेसासू १९७४ ला गेल्या. धुऊन मऊ व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. म्हणजे १९५० चं दशक पुन्हा जुळलं. हात आजेसासूचा, हे मानायला काही अडचण नाही. आकडा मात्र साठ-सत्तरचा निघाला, शंभरचा नाही. टेरिकॉटची तीन ठिगळं काकूंनी स्वतः १९८० च्या सुमारास लावली होती. धाकट्याच्या शाळेच्या पँटची.

लेखी निकाल असा झाला : बाहेरची वाकळ १९५० ते १९६२, खात्री चांगली. आतली बहुधा १९२५ ते १९५०, खात्री मध्यम. डागडुजी १९८० च्या सुमाराची.

मोल

खरेदीदाराचे २५,००० वस्तूसाठी नव्हते, कागदासाठी होते. आणि तो कागद खोटा ठरला असता. शिवाय एक गोष्ट त्या घराला कुणी सांगितली नव्हती. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेषात मोडते; ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. "शंभर वर्षं" हा शब्द किंमत वाढवतो तसा जबाबदारीही आणतो. खोटं लिहून देणारा ती स्वतःच्या गळ्यात घालून घेतो.

मोल काढायला आधी पुन्हा शिवण्याचा खर्च धरला, कारण त्याला आकड्यांचा आधार असतो. धावदोऱ्याच्या ओळींत अंतर एक सेंटीमीटर, २.८३ चौरस मीटरवर एकूण २८३ मीटर शिवण. टाका आणि मोकळी जागा मिळून ९ मिलिमीटर, म्हणजे ३१,००० हून जास्त टाके. इतक्या थरांतून सुई काढताना सरावाचा हातही मिनिटाला आठेक सेंटीमीटर जातो. ५९ तास होतात, रोजचे सहा धरले तर दहा दिवस. ठिगळं कापून मांडणं, थर ताणून टाचणं आणखी चार दिवस. रोजी ४५० धरली तर १४ दिवसांचे ६,३०० रुपये, जुनं कापड आणि दोरा ९०० : एकूण ७,२००. हा आकडा ऐकून घरातले सगळे गप्प झाले. एका बाईची चौदा दिवसांची मेहनत पातेल्यात जाणार होती.

यातून विरलेला भाग वजा करायला हवा. गळलेली फुलं, कोपऱ्याची फाट आणि पायाकडची झीज मिळून ०.३१ चौरस मीटर, म्हणजे ११ टक्के. सुमारे ८०० रुपये. उरले ६,४००. वर काय चढतं? कुणी शिवली हे ठाऊक असणं, एकाच घरात राहिलेली असणं, दुमडीतला शिक्का आणि आतली दुसरी वाकळ. यांना सूत्र नाही, बाजारच विचारावा लागतो. खऱ्या तारखांसकट लिहिलेली नोंद आणि फोटो दोन वेगळ्या खरेदीदारांना पाठवले, "शंभर वर्षं" हा शब्द न वापरता. एकाने ८,००० सांगितले, दुसऱ्याने ११,०००. वाटणीसाठी ९,६०० ठरले. थोरल्याने वाकळ ठेवून दोघा भावांना ३,२०० प्रमाणे दिले.

टेरिकॉटची ठिगळं काढून वाकळ "मूळ रूपात" आणावी, अशी सूचना ११,००० वाल्याने केली होती. ती घेतली नाही. ठिगळं पक्की आहेत, खालचं कापड धरून ठेवतात, आणि ती काढली की तिथे भोकंच उरतील.

ठेवण

वाकळ लोखंडी ट्रंकेत ठेवली नाही. गंजाचा डाग कापडाला फुलांच्या काळ्या रंगासारखाच खातो. आता ती धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात, घडीऐवजी गुंडाळी करून, लाकडी कपाटात आहे. घडी पडते तिथेच सूत आधी तुटतं. डांबराच्या गोळ्या कपाटाच्या कोपऱ्यात पुरचुंडीत, कापडाला न लागता; कडुनिंबाचा पाला घालायचा तर तोही पुरचुंडीतच, नाहीतर डाग पडतात. दिवाळीनंतर आणि होळीनंतर अशी वर्षातून दोनदा बाहेर काढायची, सावलीत तास-दोन तास वारा द्यायचा, कसर लागली का ते दुमडीत पाहायचं.

पाठीच्या एका कोपऱ्याला, फक्त एका थरातून चार टाके घालून, पांढऱ्या सुती पट्टीचा तुकडा लावला आहे. त्यावर न पुसणाऱ्या शाईने आजेसासूचं नाव, "वर १९५०–६२, आत त्याआधीची", आणि खाली काकूंचं नाव : "ठिगळं यांची, १९८० च्या सुमारास."